अंतराचा परवाना

स्त्रियांच्या सायकल-शर्यतींचा इतिहास विजेत्यांच्या नामावलीपेक्षा किलोमीटरांच्या आकड्यांतून अधिक प्रामाणिकपणे वाचता येतो, असे माझे मत दिवसेंदिवस बनत चालले आहे. कारण या खेळात कोण जिंकले हे जरी रस्त्यावर ठरत असले, तरी किती अंतरावर जिंकावयाचे हे दीर्घकाळ कचेरीत ठरत आले, आणि तेथून निघणाऱ्या हुकुमांचा सूर बहुधा काळजीचा असे: स्त्रीच्या प्रकृतीस झेपेल तेवढेच अंतर द्यावे. झेपते किती, हे मोजून पाहण्याची तसदी मात्र त्या कचेऱ्यांनी क्वचितच घेतली. ज्यांनी मोजले त्यांची हकीकत पुढे येईलच. तूर्त ही शर्यत चालते कशी, ते पाहू.

ते समजावून सांगण्यास आमचा पालघर जिल्ह्यातील बोईसरचा मुलूख मोठा सोयीचा आहे, जरी येथील सायकल ही शर्यतीपेक्षा हजेरीपटाशीच अधिक निगडित राहिली असली, आणि तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत सकाळच्या पाळीला जाणाऱ्या कामगारांपैकी कोणी तिच्याकडे वेळेवर पोहोचविणारे वाहन याहून वेगळ्या दृष्टीने पाहत नसले. चिंचणीहून वरोर-वाढवण करीत डहाणूकडे जाणारा किनाऱ्यालगतचा रस्ता घ्या. रस्ता सपाट, पण दुपार कलली की समुद्रावरचा वारा उत्तरेकडे निघालेल्या स्वाराच्या डाव्या कुशीवर आदळू लागतो. सपाटीवर सायकलस्वाराचे खरे वैर हवेशी असते. वेगाने जाणाऱ्याची बहुतेक शक्ती हवा बाजूला सारण्यातच खर्ची पडते, आणि जो दुसऱ्याच्या मागे चाकाला चाक लावून चालतो, त्याचे श्रम सुमारे तिसऱ्या हिश्शाने हलके होतात. शंभर-सव्वाशे स्पर्धक एकाच थव्याने का जातात, याचे उत्तर एवढेच आहे. परंतु वारा बगलेतून आला की हा आडोसा सरळ मागे न मिळता तिरका मिळतो. त्याचा लाभ घ्यावयाचा तर रस्त्याच्या रुंदीवर तिरपी रांग धरावी लागते, आणि डांबर संपले की त्या रांगेत जागा उरत नाही. जिला जागा मिळाली नाही ती कडेच्या मातीवर, उघड्या वाऱ्यात, पुढच्या चाकाला लटकू पाहते. दोन हातांचे अंतर पडते, मग वीस हातांचे, आणि एकही चढ न लागता शर्यतीचे दोन तुकडे होऊन जातात.

चढाचे गणित निराळे. पालघरहून मनोरला जाताना वाघोबाची खिंड लागते. युरोपातील घाटांपुढे ती टेकडीच म्हणावयाची. तथापि तत्त्व तेच. वेग मंदावला की आडोशाची किंमत उतरते, आणि प्रत्येकीला आपला भार आपणच वर न्यावा लागतो. म्हणून घाटाच्या पायथ्यापर्यंत आपल्या म्होरकीला ताजी ठेवणे, हे संघातील उरलेल्या पाच-सहा जणींचे काम. त्या वाऱ्यात पुढे राहतात, मागच्या मोटारीतून पाण्याच्या बाटल्या सदऱ्यात कोंबून आणतात, प्रसंगी आपले चाक काढून तिला देतात, आणि निकालपत्रात सत्तराव्या-ऐंशीव्या येतात. दुसऱ्यासाठी राबण्याचे शिक्षण स्त्रियांना वेगळे द्यावे लागत नाही, असे एखादा खवचटपणे म्हणेल. पण येथे त्या राबण्याचा करारनामा होतो व त्याचे वेतन मिळते, हा फरक लहान नाही. तो होण्यास मात्र फार काळ जावा लागला.

१९२४ साली इटलीच्या महाशर्यतीत, म्हणजे ‘जिरो’त, आल्फोन्सिना स्त्रादा नावाची एक स्त्री पुरुषांच्या बरोबरीने उतरली. त्या वर्षी मानधनाच्या वादावरून नामांकित स्वारांनी अंग काढून घेतले होते आणि चालकांना लोकांचे लक्ष वेधील असे काहीतरी हवे होते. म्हणजे तिला मिळालेला प्रवेश हा न्यायबुद्धीचा नव्हे, निकडीचा होता. एकूण अंतर ३,६१३ किलोमीटर, रस्ते कच्चे, आणि तिच्यासाठी एक कोसही कमी केलेला नव्हता. वादळी पावसातल्या एका टप्प्यावर तिच्या सायकलीचा दांडा मोडला, तेव्हा एका केरसुणीच्या काठीचा तुकडा बसवून ती पुढे निघाली, आणि मुदतीनंतर पोहोचल्यामुळे स्पर्धेतून बाद ठरली. तरी चालकांनी तिला निकालात न धरता पुढे चालण्याची मुभा दिली. निघालेल्या ९० जणांपैकी मिलानला अधिकृतपणे पोहोचले ३०, आणि त्यांच्याखेरीज ती. पुढच्या वर्षांत तिला प्रवेश नाकारण्यात आला. निकड संपली होती.

त्यानंतर स्त्रियांचे जागतिक अजिंक्यपद सुरू होण्यास १९५८ साल उजाडले. फ्रान्समधील रेंस येथे झालेली ती पहिली शर्यत लक्झेम्बर्गच्या एल्सी याकोब्सने जिंकली. अंतर सुमारे ५९ किलोमीटर, आणि त्याच ठिकाणी पुरुषांना अडीचशेहून अधिक. हे गुणोत्तर कोणत्या वैद्यकशास्त्राच्या आधारे काढले, ते काढणाऱ्यांनाच ठाऊक. त्याला उत्तर मिळाले ते इंग्लंडातील यॉर्कशरमधून, आणि तेही वादविवादाने नव्हे. बेरिल बर्टन ही तेथे रेवाचिनीच्या शेतात मजुरी करणारी बाई. दिवसभर जमीन उकरावी आणि उरल्या वेळात सायकल चालवावी, असा तिचा क्रम. इंग्लंडात बारा तासांच्या शर्यतीची एक जुनी रीत आहे: तीत वेळ ठरलेला असतो, अंतर मोकळे, जो जितके कापील तितके त्याचे. माझ्या लेखी या रीतीचे महत्त्व असे की, अंतराची मोजणी कचेरीच्या हातून काढून ती चालविणाऱ्याच्या हाती देते. १९६७ साली अशा एका शर्यतीत बर्टनने २७७.२५ मैल, म्हणजे ४४६ किलोमीटरांहून अधिक अंतर कापले. त्याच दिवशी पुरुषांचा नवा उच्चांक करीत असलेल्या माइक मॅक्‌नमारा या स्वाराला तिने वाटेत मागे टाकले, आणि जाता जाता खिशातील ज्येष्ठमधाची एक गोळी त्याच्यापुढे धरली. त्यानेही ती घेतली. पुरुषांना तो आकडा ओलांडण्यास दोन वर्षे लागली, स्त्रियांना पन्नास. इतके होऊनही स्त्रियांच्या अधिकृत शर्यतींची लांबी लगोलग वाढली असे नाही. पुरावा दाखल झाला म्हणजे निकाल बदलतोच, असा कचेऱ्यांचा शिरस्ता नसतो.

ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची रस्त्यावरील शर्यत आली ती १९८४ साली, लॉस एंजेलिसला. अंतर ७९.२ किलोमीटर; अमेरिकेच्या कॉनी कार्पेंटरने आपल्याच देशाच्या रिबेका ट्विगला अर्ध्या चाकाहूनही कमी अंतराने मागे टाकले. (त्या दिवशी पुरुषांची १९० किलोमीटरची शर्यत जिंकणारा अ‍ॅलेक्सी ग्रेवाल हा भारतातून अमेरिकेस गेलेल्या शीख वडिलांचा मुलगा, आपल्याकडे ही गोष्ट फारशी कोणाच्या स्मरणात नाही.) त्याच उन्हाळ्यात ‘टूर द फ्रान्स’च्या चालकांनी स्त्रियांची १८ टप्प्यांची शर्यत भरविली. ती पुरुषांच्याच मार्गावर, त्यांच्या काही तास आधी, आखूड टप्प्यांनी चाले, आणि पहिल्या वर्षी अमेरिकेच्या मेरिअन मार्टिनने जिंकली. १९८९ नंतर ती बंद पडली. पुढे निरनिराळ्या नावांनी शर्यती निघाल्या आणि पैशाअभावी विरल्या. त्यांची यादी देण्यात अर्थ नाही. २०१३ साली मारियान फोस, एमा पूली, क्रिसी वेलिंग्टन व कॅथरिन बर्टीन या चौघी खेळाडूंनी, स्त्रियांसाठीही ‘टूर’ भरवावी असा लोकांच्या सह्यांचा अर्ज चालकांपुढे ठेवला, तेव्हा पुढच्या वर्षी मिळाली ती पॅरिसमधील एका दिवसाची शर्यत. ती स्वतः फोसनेच जिंकली, यात काव्यात्म न्याय असेल. पण अर्ज एका दिवसासाठी केलेला नव्हता.

पैशाचा मामला याहून रोखठोक आहे. सर्वोच्च श्रेणीच्या स्त्री-संघांना किमान वेतन बंधनकारक झाले ते २०२० सालापासून: आरंभी वर्षाला १५,००० युरो, आणि सोबत बाळंतपणाची पगारी रजा. त्याआधी नोकरी सांभाळून शर्यतीला येणाऱ्या, किंवा घरच्यांच्या जिवावर खेळणाऱ्या स्त्रिया थोड्याथोडक्या नव्हत्या. पुरुषांसाठी १८९६ पासून चालत आलेली पॅरिस-रूबे ही दगडी फरसबंदीवरची शर्यत स्त्रियांसाठी पहिल्यांदा भरली २०२१ च्या ऑक्टोबरात. ११६ किलोमीटरपैकी ऐंशीहून अधिक किलोमीटर इंग्लंडच्या लिझी डेग्ननने एकटीने कापले. ती एका मुलीची आई होती, दिवस पावसाचा होता, हातमोजे तिने घातले नव्हते, आणि शर्यत संपली तेव्हा दांड्याच्या पांढऱ्या पट्टीवर तिच्या तळव्यांचे रक्त उमटलेले होते. बक्षीस १,५३५ युरो. पुरुष विजेत्याचे ३०,०००. येथे टीकाकाराने काही बोलण्याची गरज नाही.

२०२२ पासून मात्र चित्र वेगाने पालटले. ‘टूर द फ्रान्स फाम’ हे नाव घेऊन स्त्रियांची आठ टप्प्यांची शर्यत पुन्हा उभी राहिली. नेदरलंड्सच्या आनेमीक फान फ्लोटनने ती जिंकली, आणि तिच्यातील एक टप्पा १७५ किलोमीटरांचा असल्याने त्याला आंतरराष्ट्रीय सायकल-संघटनेची खास सवलत मिळवावी लागली, म्हणजे परवान्याची भाषा तेव्हाही संपलेली नव्हती. २०२४ साली आल्प्समधील आल्प द्युएझच्या माथ्यावर पोलंडच्या काशिया नीवियादोमाने आठवडाभराची ही शर्यत डेमी फोलरिंगवर अवघ्या ४ सेकंदांनी राखली. या सुमारातील माझा आवडता प्रसंग मात्र ‘टूर’चा नव्हे, टोकियो ऑलिंपिकचा. ऑस्ट्रियाची आना कीझनहोफर ही गणिताची डॉक्टर. तिच्यापाशी कोणत्याही व्यावसायिक संघाचा करार नव्हता. ती आरंभालाच पुढे निघाली आणि अखेरपर्यंत पुढेच राहिली. कानातील बिनतारी यंत्रांना तेथे मज्जाव असल्याने मागच्या बलाढ्य थव्याला, पुढे कितीजणी गेल्या व कितीजणी सापडल्या, याचा हिशेब राहिला नाही. दुसरी आलेली फान फ्लोटन तर आपणच सुवर्णपदक जिंकले अशा समजुतीने हात उंचावून आली. बेरीज-वजाबाकीत चुकलेल्यांना गणितज्ञ स्त्रीने हरवावे, हे कोणी कादंबरीत लिहिले असते तर आपण त्याला नाटकी म्हटले असते.

आता आपल्याकडे. मुंबई-पुणे शर्यत आणि तीतील ‘घाटाचा राजा’ हा किताब महाराष्ट्राला सुपरिचित आहे. घाटाची राणी असा किताब तितका कानावर येत नाही. स्पर्धक मुली नाहीत असे नव्हे: कोल्हापूर जिल्ह्यातील इंगळीची पूजा दानोळे, भंडाऱ्याकडची मयूरी लुटे, पुण्याची ऋतुजा सातपुते अशी नावे राष्ट्रीय पातळीवर गाजलेली आहेत. पण आपल्या क्रीडाव्यवस्थेचा ओढा रस्त्यापेक्षा बंदिस्त सायकल-धावपट्टीकडे, कारण पदके तेथे अधिक. २०२६ च्या जानेवारीत पुणे जिल्ह्यात आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मान्यतेची ‘पुणे ग्रँड टूर’ झाली, तीही पुरुषांची.

म्हणून मराठी स्त्रीने दूरच्या अंतराचा रस्ता धरला तो, माझ्या मते स्वाभाविकपणेच, बर्टनच्या दरवाजाने, जेथे स्त्रीसाठी वेगळे अंतर कोणी ठरवीत नाही. पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ साली, विसाव्या वर्षी, चौदा देशांतून १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटर चालवीत पृथ्वी फिरून आली. कॅनडात अस्वल मागे लागले आणि स्पेनमध्ये चाकू दाखवून लुटारूंनी गाठले, तरी फेरी तिने पुरी केली. पुण्याच्याच प्रीती मस्के यांनी २०२२ मध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी, लेह ते मनाली हे ४३० किलोमीटर ५५ तास १३ मिनिटांत कापले. आमच्या बाजूने जाणाऱ्या मुंबई-अहमदाबाद महामार्गावरही ‘ब्रेव्हे’, म्हणजे ठरल्या मुदतीतील लांब पल्ल्याची फेरी, करणारे सायकलस्वार मनोर-चारोटीकडे येतात. २०० किलोमीटर, मुदत साडेतेरा तास, आणि स्त्री असो वा पुरुष, मुदत तीच व अंतर तेच. तेथे क्रमांक नसतो, बक्षीस नसते. कदाचित म्हणूनच समानता इतकी स्वस्तात मिळाली.

पालघर जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातील मुलींना सायकल पोहोचते ती वेगळ्याच दप्तरातून. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात १२५ मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळते; घर शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत असेल तर सायकल, त्यापलीकडच्या गावांसाठी एस.टी. योजना चांगली आहे आणि तिने अनेकींचे शिक्षण वाचविले असेल, यात मला संशय नाही. पण पाच किलोमीटर जाऊन पाच किलोमीटर परत येणाऱ्या, वाटेत चढही लागणाऱ्या, आणि जड सायकलीवर मागे धाकट्या बहिणीला बसविणाऱ्या मुलीचे बळ कधी कोणी घड्याळ लावून पाहिले आहे काय, असा प्रश्न तालुक्याच्या क्रीडाधिकाऱ्यास विचारण्याजोगा आहे.

शर्यत भरवावयाचीच झाली तर मार्गही तयार आहे. पालघरहून निघावे, वाघोबाची खिंड चढून मनोरला उतरावे, महामार्गाने चिल्हार फाट्यापर्यंत जाऊन बोईसरकडे वळावे, आणि चिंचणीवरून किनाऱ्याच्या वाऱ्यात डहाणू गाठावे. महामार्गाच्या तुकड्यावर बंदोबस्त कडक लागेल, वसाहतीतील टँकरांना काही तास थोपवावे लागेल, आणि जिल्हाधिकारी कचेरीत अर्ज महिनोन्‌महिने आधी रुजू करावा लागेल. हे सारे अंतर ढोबळ मानाने ऐंशी किलोमीटर भरते, म्हणजे १९८४ सालच्या त्या ऑलिंपिक शर्यतीइतके. २०२४ साली पॅरिसला स्त्रियांची शर्यत १५८ किलोमीटरांची झाली; तेव्हा डहाणूला पोहोचलेल्या मुलींना त्याच वाटेने पालघरला परत धाडावे लागेल, आणि टँकरवाल्यांना दुप्पट वेळ खोळंबावे लागेल.