विश्लेषण : कुमार फुटबॉलमध्ये पाच वेळा जगज्जेता नायजेरिया वरिष्ठ गटात मागे का?

१७ वर्षांखालील मुलांचा फुटबॉल विश्वचषक सर्वाधिक वेळा कुणी जिंकला, असे विचारले तर बहुतेक जण ब्राझीलचे नाव घेतील. ब्राझीलच्या नावावर चार अजिंक्यपदे आहेत. नायजेरियाच्या नावावर पाच. वरिष्ठ गटात तीन वेळा जगज्जेता ठरलेल्या अर्जेंटिनाला तर कुमार गटाचे जेतेपद एकदाही मिळालेले नाही. मात्र २०१९ नंतर नायजेरियाचा कुमार संघ या स्पर्धेत दिसलेला नाही. २०२५ मध्ये संघांची संख्या २४ वरून ४८ झाली, तरीही तो पात्र ठरला नाही. या चढउतारांमागे प्रतिभा आहे, नियोजनाचा अभाव आहे आणि वयाचा जुना वादही आहे.

‘गोल्डन ईगलेट्स’ची कामगिरी किती मोठी?

नायजेरियाचा कुमार संघ ‘गोल्डन ईगलेट्स’ म्हणजे ‘सोनेरी गरुडपिल्ले’ या नावाने ओळखला जातो. १९८५ मध्ये चीनमध्ये झालेली पहिलीच जागतिक स्पर्धा (तेव्हा वयोमर्यादा १६ वर्षांची होती) या संघाने अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीला २-० असे हरवून जिंकली. ‘फिफा’ची स्पर्धा जिंकणारा तो आफ्रिकेतील पहिला संघ ठरला. त्यानंतर १९९३ (जपान), २००७ (दक्षिण कोरिया), २०१३ (संयुक्त अरब अमिराती) आणि २०१५ (चिली) अशी आणखी चार जेतेपदे आली. १९८७, २००१ आणि २००९ मध्ये संघ उपविजेता राहिला. म्हणजे एकूण आठ वेळा अंतिम फेरी.

वयाचा वाद कधी सुरू झाला?

१९८८ च्या ऑलिम्पिकमध्ये खेळलेल्या नायजेरियाच्या तीन खेळाडूंच्या जन्मतारखा त्यांच्याच आधीच्या स्पर्धांतील नोंदींशी जुळत नव्हत्या. त्यामुळे ‘फिफा’ने देशाच्या कुमार संघांवर दोन वर्षांची बंदी घातली. १९९१ च्या २० वर्षांखालील जागतिक स्पर्धेचे यजमानपदही नायजेरियाकडून काढून पोर्तुगालला देण्यात आले. जन्मनोंदणीची व्यवस्था कच्ची असल्याने कागदावरील वय तपासायचे कसे, हा प्रश्न त्यानंतरही कायम राहिला. अर्थात तो एकट्या नायजेरियाचा नव्हता.

एमआरआय चाचणीत नेमके काय पाहतात?

२००९ च्या कुमार विश्वचषकापासून ‘फिफा’ने मनगटाची एमआरआय चाचणी सुरू केली. मनगटाजवळ रेडियस या हाडाच्या टोकाला वाढीची कूर्चा असते. वय वाढते तशी ती हाडात सांधली जाते. या प्रक्रियेचे सहा टप्पे मानले जातात. सहावा टप्पा म्हणजे कूर्चा पूर्ण सांधलेली. १७ वर्षांच्या आत असे होण्याचे प्रमाण एक टक्क्याहून कमी असल्याचे अभ्यासात दिसले, म्हणून सहाव्या टप्प्यातील खेळाडू अपात्र धरला जातो. क्ष-किरणांचा मारा टळावा म्हणून एमआरआयची निवड झाली.

या चाचणीला मर्यादाही आहेत. ती नेमके वय सांगत नाही. कूर्चा उशिरा सांधली जाणारा १८ वर्षांचा मुलगा त्यातून सुटू शकतो, तर क्वचित एखादा खऱ्या वयाचा मुलगा अडकू शकतो. त्यामुळे चाचणीत नापास झालेला प्रत्येक मुलगा लबाड असतोच, असे म्हणता येत नाही. मुलींची हाडे लवकर सांधली जात असल्याने त्यांच्यासाठी हे मोजमाप लागू पडत नाही.

चाचणी आल्यावर यश आटले का?

पहिला फटका मोठा होता. २००९ मध्ये नायजेरियाच यजमान होता आणि स्पर्धेच्या तोंडावर १५ खेळाडूंना वगळावे लागले. तरीही नव्याने बांधलेला संघ अंतिम फेरीत पोहोचला आणि स्वित्झर्लंडकडून ०-१ असा हरला. पुढची दोन जेतेपदे तर चाचणी लागू असतानाचीच आहेत. २०१३ मध्ये संघाने सात सामन्यांत २६ गोल केले. २०१५ मध्ये व्हिक्टर ओसिमेनने एकट्याने दहा गोल केले. त्यामुळे सगळे यश वयचोरीचे होते, हा आरोप टिकत नाही.

मग वरिष्ठ संघाला त्याचा लाभ का झाला नाही?

काही प्रमाणात झाला. १९९३ च्या संघातील न्वान्क्वो कानू आणि सेलेस्टिन बाबायारो १९९६ च्या ऑलिम्पिक सुवर्णपदक विजेत्या संघात होते. ओसिमेन २०२३ मध्ये आफ्रिकेतील सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला. पण वरिष्ठ विश्वचषकात नायजेरिया उपउपांत्यपूर्व फेरीच्या पुढे कधीच गेलेला नाही आणि २०२२ साठी तर पात्रही ठरला नाही.

पंधरा-सोळाव्या वर्षी ताकद आणि वेग यांच्या जोरावर सामने जिंकता येतात. पुढे इतर मुले शरीराने बरोबरीला येतात आणि तंत्र, डावपेच व नियमित स्पर्धा निर्णायक ठरतात. २०१५ च्या स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू केलेची न्वाकाली इंग्लंडच्या आर्सेनलमध्ये गेला, पण मुख्य संघातून एकही सामना खेळू शकला नाही. वय लपवले असेल तर नुकसान दुहेरी असते. त्या खेळाडूचा बहराचा काळ लवकर संपतो आणि खऱ्या वयाच्या मुलाची जागा जाते ती वेगळीच.

आता इतर देश पुढे कसे गेले?

गेल्या दहा वर्षांत शेजाऱ्यांनी वर्षभर चालणाऱ्या अकादमींवर भर दिला. माली २०१५ मध्ये उपविजेता आणि २०२३ मध्ये तिसरा आला. सेनेगलने २०२३ मध्ये, तर मोरोक्कोने २०२५ मध्ये आफ्रिकेचे १७ वर्षांखालील अजिंक्यपद मिळवले. मोरोक्कोने २०२५ मध्येच २० वर्षांखालील विश्वचषकही जिंकला. त्याआधी २०२२ मध्ये त्यांचा वरिष्ठ संघ विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत पोहोचला होता. स्पर्धा जवळ आली की निवड चाचण्या घेऊन संघ बांधायचा, ही नायजेरियाची जुनी पद्धत या स्पर्धेत अपुरी पडते आहे.

भारतासाठी यात काय आहे?

२०१७ चा कुमार विश्वचषक भारतात झाला. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर स्पेन आणि माली यांच्यात उपांत्य सामना रंगला, पण गतविजेता नायजेरिया स्पर्धेतच नव्हता. पात्रता फेरीत छोट्या नायजरने त्याला बाहेर काढले होते. यजमान भारत गटातील तिन्ही सामने हरला.

वयचोरी भारतीय मैदानांनाही नवी नाही. क्रिकेट मंडळ १६ वर्षांखालील गटात हाडांची चाचणी घेते ती त्यामुळेच. कुमार गटाचा चषक प्रशिक्षक आणि संघटकांना लगेच श्रेय देतो, म्हणून वय लपवण्याचा मोहही तिथेच जास्त असतो. यशाचे माप त्या चषकाऐवजी त्यातील किती मुले वरिष्ठ संघात टिकली यावर ठरले, तर हा मोह आपोआप कमी होईल.