जोडी जुळवून केलेली तुलना

वर्गात एखादी नवी अध्यापनरीती योजावी, ती चार-सहा आठवडे नेटाने चालवावी आणि अखेर परीक्षा घेऊन तिचा गुण पाहावा, असे आपल्यापैकी पुष्कळांनी केले असेल. समजा, चौथीच्या तीस मुलांपैकी पंधरांच्या शुद्धलेखनातील चुका शिक्षकाने दुरुस्त करून दिल्या आणि उरलेल्या पंधरांकडून त्या त्यांच्या त्यांनाच शोधवून घेतल्या. परीक्षेत दुसऱ्या गटाची सरासरी तीन गुणांनी अधिक आली. आता हा फरक रीतीचा म्हणावयाचा की मुलांचा? ज्याच्या घरी पुस्तके आहेत व वाचून दाखविणारे कोणी आहे असा मुलगा, आणि शाळा सुटताच गुरांमागे जाणारा मुलगा, यांच्या गुणांत रीत कोणतीही असली तरी दहा-वीसांचे अंतर पडते. एवढ्या मोठ्या चढउतारात तीन गुणांचा फरक सहज बुडून जातो.

या अडचणीवरचा उपाय साधा आहे. गटाची तुलना गटाशी न करता, सारख्या मुलाची तुलना सारख्या मुलाशी करावी; अथवा शक्य असेल तेथे एकाच मुलाची दोन परिस्थितींत तुलना करावी. प्रत्येक जोडीतील वजाबाकी तेवढी मांडावी आणि पुढील सर्व विचार त्या वजाबाक्यांचाच करावा. दोघांत जे समान आहे ते वजाबाकीत आपोआप गळून जाते.

हे गणित कसे चालते ते एका प्रसिद्ध उदाहरणावरून पाहू. निद्राकारक औषधाचे दोन प्रकार दहा रुग्णांना आळीपाळीने देऊन प्रत्येकाची झोप किती तासांनी वाढली याचे आकडे १९०५ साली प्रसिद्ध झाले होते. विल्यम गॉसेट या संशोधकाने १९०८ साली ते आपल्या निबंधात उदाहरणादाखल घेतले. गॉसेट हा डब्लिन येथील गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात नोकरीस होता व ‘स्टुडंट’, म्हणजे विद्यार्थी, या टोपणनावाने लिहीत असे. (शिक्षकांना आवडावे असेच हे टोपणनाव आहे.) पहिल्या प्रकाराने सरासरी ०.७५ तास झोप वाढली, दुसऱ्याने २.३३ तास. परंतु कोणाची झोप दीड तासाने घटलेली, तर कोणाची साडेपाच तासांनी वाढलेली, इतका माणसामाणसांत फरक होता. हे वीस आकडे वीस निरनिराळ्या माणसांचे समजून दोन गटांची तुलना केली, तर फरक निश्चित मानण्याइतका ठरत नाही. आता प्रत्येक रुग्णाच्या दुसऱ्या आकड्यातून पहिला वजा करा. वजाबाक्या अशा येतात : १.२, २.४, १.३, १.३, ०, १.०, १.८, ०.८, ४.६, १.४.

यांची बेरीज १५.८, म्हणून सरासरी १.५८. प्रत्येक वजाबाकी या सरासरीपासून किती दूर आहे ते काढून त्या अंतरांचे वर्ग करावेत. वर्गांची बेरीज १३.६२ येते. तीस दहातून एक वजा करून, म्हणजे ९ ने, भागले व वर्गमूळ काढले की १.२३ हे प्रमाण विचलन मिळते. त्यास दहाच्या वर्गमुळाने, ३.१६ ने, भागले की ०.३९ ही सरासरीची प्रमाण त्रुटी होय. दैवयोगाने सरासरी साधारण किती हलू शकते याचे ते माप आहे. शेवटी १.५८ ला ०.३९ ने भागावे. सुमारे ४.०६ येतात. स्टुडंटच्या कोष्टकात दहा जोड्यांसाठी २.२६ ही मर्यादा दिलेली आहे. प्रत्यक्षात काहीच फरक नसताना या मर्यादेबाहेरचे उत्तर केवळ योगायोगाने शंभरांत पाचच वेळा यावे. आपले उत्तर तिच्या पुष्कळ पुढे आहे. आकडे तेच, जोडी मोडली तर निर्णय लागत नाही, जोडी राखली तर लागतो.

वर्गमुळांचा कंटाळा असेल त्यांनी नुसती चिन्हे मोजावीत. एक शून्य सोडले तर नऊच्या नऊ वजाबाक्या एकाच बाजूच्या आहेत. नाणे नऊ वेळा उडविल्यावर सगळे छापे किंवा सगळे काटे पडण्याचा संभव २५६ त एक एवढाच असतो. ही रीत ठोकळ खरी, पण ४.६ सारखा एखादाच आकडा सरासरी फुगवीत असेल, तर तिचा आधार मोलाचा ठरतो.

मात्र गणित कितीही बिनचूक असो, जोड्या लावण्यातच पक्षपात झाला तर ते व्यर्थ होते. याचे उदाहरण शाळांतलेच आहे. १९३० साली स्कॉटलंडमधील लॅनार्कशायर परगण्यात सुमारे वीस हजार शाळकरी मुलांवर दुधाचा प्रयोग झाला. निम्म्या मुलांना फेब्रुवारी ते जून असे चार महिने रोज पाऊण पिंट दूध दिले, निम्म्यांना दिले नाही, आणि आरंभी व अखेरीस सर्वांची उंची व वजन घेतले. निवड चिठ्ठ्या टाकून किंवा नावांच्या अक्षरानुक्रमे व्हावयाची होती. परंतु एखाद्या गटात सुदृढ वा अशक्त मुले फार झाली असे वाटल्यास अदलाबदल करण्याची मुभा शाळांना होती. शिक्षकांचे मन कळवळले असावे, आणि दूध बहुधा गरजू मुलांकडे वळले. १९३१ साली स्टुडंटने दाखवून दिले, की दूध न मिळालेली मुले आरंभीच उंचीने व वजनाने सरस होती. शिवाय वजन कपड्यांसकट घेतलेले. फेब्रुवारीतील जाड कपडे जूनमध्ये उतरले ते सुखवस्तू मुलांचे. गरिबाच्या अंगावर दोन्ही वेळा जवळजवळ तेच कपडे असणार. म्हणून सुखवस्तू मुलांची वजनवाढ कमी दिसली असावी, असा त्याचा तर्क होता. वीस हजार मुले तोलूनही दुधाचा गुण नेमका किती हे सांगता येईना. त्याने सुचविले, की एकसारख्या जुळ्या भावंडांच्या पन्नास जोड्या घेऊन, कोणी दूध प्यावे हे प्रत्येक जोडीत नाणे उडवून ठरविले असते, तर फार थोड्या खर्चात अधिक भरवशाचे उत्तर मिळाले असते.

त्या शिक्षकांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. भुकेल्या मुलासमोर चिठ्ठीचा निकाल पाळणे कठीणच. पण दया करावयाची ती प्रयोग संपल्यावरही करता येते : जी रीत सरस ठरेल ती पुढच्याच आठवड्यापासून दोन्ही गटांना लागू करावी.

आपल्या शाळेत जुळी कोठून मिळणार? मागील परीक्षेच्या गुणांनुसार मुलांची नावे उतरत्या क्रमाने लिहावीत आणि पहिला-दुसरा, तिसरा-चौथा अशा जोड्या कराव्यात. जोडीतील कोणाला कोणती रीत, हे नाण्यावर सोपवावे. ‘हा जरा मागे आहे, याला नवी रीत देऊ’ असे म्हणू नये. उत्तरपत्रिका तपासताना नावे झाकून दोन्ही गटांच्या एकत्र मिसळाव्यात. एकाच मुलावर दोन्ही रीती पाहावयाच्या असतील, तर निम्म्यांना एक आधी व निम्म्यांना दुसरी आधी द्यावी. कारण दुसऱ्या खेपेस मूल पहिल्या सरावानेही सुधारते. नुसती ‘आधी’ व ‘नंतर’ची वजाबाकी म्हणजे नव्या रीतीचा पुरावा नव्हे, चार महिन्यांत मुले तशीही वाढतातच. आणि कोष्टकाने फरक खरा ठरविला तरी तो किती गुणांचा आहे ते वेगळे पाहावे. अर्ध्या गुणासाठी सगळ्या वर्गाची घडी बदलावी का, हे कोष्टक सांगत नाही.

पेरणीच्या दिवसांत एखादे मूल परीक्षेस आले नाही, तर त्याची जोडीच हिशेबातून वगळावी, उरलेल्यास दुसरा जोडीदार शोधून देऊ नये, आणि अशा किती जोड्या गळल्या हे निकालाशेजारी लिहून ठेवावे.