विमानापूर्वीची एक रात्र

मुलगा किंवा लेक परदेशी असते. तिकिटे आलेली असतात, लाडू-चिवड्याचे डबे भरलेले असतात आणि कोल्हापूर, सांगली, नाशिक किंवा रत्नागिरीहून निघून मुंबईचे विमानतळ गाठायचे असते. परदेशी जाणारी बरीचशी विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. म्हणून घरात हिशेब मांडला जातो : सकाळी निघू, संध्याकाळी पोहोचू, दोन-तीन तास कसेबसे काढू, पुढे विमानात झोपायचेच तर आहे! कागदावर हा हिशेब चोख असतो. सत्तरी ओलांडलेल्या शरीराला मात्र तो पेलत नाही.

वाटेत स्वच्छतागृहाची पंचाईत नको म्हणून पाणी टाळलेले असते. दुपारची गोळी सामानाच्या तळाशी राहिलेली असते. मोटारीत सात-आठ तास पाय लोंबते राहिल्याने घोटे सुजलेले असतात. अशा अवस्थेत आपण विमानतळाच्या दारात उभे राहतो आणि खरे काम तिथून पुढे सुरू होते : सामान देणे, पासपोर्टची तपासणी, सुरक्षा तपासणी, मग लांबच लांब चाल. ज्या ठिकाणी सर्वांत अधिक सावध राहावे लागते, त्या ठिकाणी आपण सर्वांत अधिक थकलेले असतो. धांदल, पडझड, विसरलेल्या वस्तू आणि डोळ्यांत पाणी आणणारे प्रसंग बहुधा याच वेळी घडतात.

यावर साधा उपाय आहे. रस्त्याचा प्रवास आणि हवेतला प्रवास यांच्यामध्ये विश्रांतीचा एक मुक्काम घालावा. विमानतळाजवळच्या हॉटेलातील खोली ही चैन समजू नये; औषधपाण्याच्या खर्चातच तिची गणना करावी. मुंबई-ठाण्यात जवळचे नातेवाईक असतील, तर त्यांचे घरही तितकेच उत्तम. मुद्दा विश्रांतीचा आहे.

आधी तारीख वाचा, मग पत्ता

तिकिटावर ‘१५ तारीख, ०१.३०’ असे असेल, तर आपल्याला विमानतळावर १४ तारखेच्या रात्री पोहोचायचे आहे. सुशिक्षित घरांतही ही चूक होते आणि विमान निघून गेल्यानंतर ती लक्षात येते. खोली घेतानाही हाच हिशेब लागतो. बहुतेक हॉटेलांत खोली दुपारी मिळते आणि दुसऱ्या दिवशी अकरा-बाराच्या सुमारास सोडावी लागते. १३ तारखेच्या रात्रीची खोली घेतली, तर १४ तारखेला दुपारपासून रात्रीपर्यंत स्वागतकक्षातील सोफ्यावर बसावे लागेल. अशा विमानासाठी १४ तारखेचीच खोली घ्यावी आणि दुपारी पोहोचून संध्याकाळपर्यंत झोप काढावी. काही हॉटेले केवळ दिवसापुरतीही खोली देतात. दूरध्वनी करून विचारावे. पहाटेचे विमान असेल, तर आदल्या दुपारीच मुक्कामाला यावे.

पत्त्याचीही खातरजमा करावी. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळाच्या दोन इमारती एकमेकींपासून बऱ्याच दूर आहेत. टर्मिनल १ सांताक्रूझ-विलेपार्ल्याच्या बाजूला, तर २०१४ साली सुरू झालेले टर्मिनल २ अंधेरी पूर्वेला सहार येथे आहे. नवी मुंबईच्या विमानतळाचीही आता भर पडली आहे. गोव्यात दाबोळी आणि मोपा ही दोन विमानतळे दोन टोकांना आहेत. ‘विमानतळाजवळ’ एवढ्या शब्दावर विसंबू नये. हॉटेल नेमके कोणत्या टर्मिनलजवळ आहे, तिथून विमानतळापर्यंत त्यांची गाडी मिळते का आणि ती मध्यरात्रीही असते का, हे तीन प्रश्न अवश्य विचारावेत.

अनोळखी खोली

घरी अंधारातही पावले आपोआप न्हाणीघराकडे वळतात. हॉटेलात ती भिंतीवर आदळतात. म्हणून खोलीत शिरताच सामान उघडण्यापूर्वी पाच मिनिटे खोली पाहून घ्यावी. दिव्यांची बटणे कुठे आहेत? न्हाणीघराच्या दारात उंबरा किंवा पायरी आहे का? फरशी ओली झाल्यावर निसरडी होते का? खोली ठरवतानाच ‘लिफ्टजवळची, बाथटब नसलेली आणि न्हाणीघरात धरायला दांडा असलेली’ अशी मागणी करावी. रात्री न्हाणीघराचा दिवा चालू ठेवून दार किंचित लोटून घ्यावे. काठी व चष्मा हाताशी ठेवावा. स्वतःच्या रबरी चपला बरोबर आणाव्यात. हॉटेलातल्या कापडी सपाता गुळगुळीत फरशीवर घसरतात. गरम-थंड पाण्याचा नळ एकच असतो, तेव्हा पाणी आधी हातावर घेऊन पाहावे. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झाली असेल, तर हे विशेष महत्त्वाचे.

पुष्कळ हॉटेलांत दारालगतच्या खाचेत कार्ड ठेवल्याशिवाय खोलीत वीज येत नाही. कार्ड काढले की दिव्यांबरोबर काही ठिकाणी लहान फ्रिजही बंद पडतो. इन्सुलिन तिथे ठेवणार असाल, तर हे ध्यानात असू द्यावे. ते बर्फाच्या कप्प्याला चिकटवून ठेवू नये, कारण गोठलेले इन्सुलिन निरुपयोगी होते. आणि ‘इन्सुलिन फ्रिजमध्ये आहे’ अशी चिठ्ठी पासपोर्टात घालून ठेवावी. पासपोर्टावाचून तर आपण निघणार नाही!

जेवण हलके आणि नेहमीच्या वेळी घ्यावे. वरणभात किंवा दहीभात बहुतेक ठिकाणी मागितल्यास मिळतो. पाणी मात्र टाळू नये. विमानातील हवा अतिशय कोरडी असते आणि आतला दाब साधारणतः सहा ते आठ हजार फूट उंचीवर असावा तेवढा असतो. कळसूबाईचे शिखरही याहून खाली आहे. हृदयाचा किंवा श्वसनाचा विकार असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर प्रवासाच्या काही आठवडे आधीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. लघवी अधिक होणाऱ्या गोळीची वेळ, इन्सुलिनची मात्रा आणि परदेशातील बदललेले घड्याळ यांविषयीही त्यांनाच विचारावे. स्वतःच्या मनाने गोळी गाळू नये.

रात्रीचे काम : दोन पिशव्या

झोपण्यापूर्वी सामानाची अंतिम वाटणी करावी. विमानाच्या पोटात जाणाऱ्या मोठ्या बॅगेत लोणचे, तूप, चटण्या, तेलाची बाटली, कात्री आणि अडकित्ता जावा. सुके खोबरे मात्र घरीच ठेवावे. तेलकटपणामुळे ते आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांत गणले जाते आणि त्यापायी बॅग अडवली जाऊ शकते.

हातातल्या पिशवीत सर्व औषधे असावीत. इन्सुलिन कधीही मोठ्या बॅगेत टाकू नये. तिथे ते गोठू शकते आणि बॅग हरवली तर जीवावर बेतते. गोळ्या सुट्या डबीत न भरता मूळ पाकिटांत ठेवाव्यात. सोबत डॉक्टरांचे इंग्रजी पत्र असावे आणि त्यात औषधांची मूळ रासायनिक नावे असावीत, कारण व्यापारी नावे देशागणिक बदलतात. मोबाइलला वीज पुरवणारी पॉवर बँक हातातल्या पिशवीतच ठेवावी लागते.

आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातल्या पिशवीतील द्रवपदार्थांची प्रत्येक बाटली १०० मिलिलिटरपर्यंतचीच असावी, हा सर्वसाधारण नियम आहे. २००६ साली लंडनमध्ये विमाने उडवून देण्याचा कट उघडकीस आल्यावर तो लागू झाला. प्रवासापुरत्या आवश्यक द्रवरूप औषधांना सवलत मिळते. मात्र ती वेगळी काढून दाखवावी लागतात आणि तिथे डॉक्टरांचे पत्र उपयोगी पडते. पाण्याची बाटली रिकामी न्यावी व तपासणीनंतर आत भरून घ्यावी. बिस्किटे किंवा खडीसाखर जवळ ठेवण्यास अडचण नसते. मधुमेही व्यक्तीने ती ठेवावीच.

दाराच्या आत एकट्याने

आपल्याकडे विमानतळाच्या दारातच तिकीट आणि ओळखपत्र पाहिले जाते. प्रवासी नसलेल्यांना सहसा तिथेच थांबावे लागते. म्हणजे मुलगा, सून, भाचा कोणीही आले असले, तरी सुरक्षा तपासणीच्या वेळी ते आपल्याजवळ नसतात. त्यामुळे चाकांच्या खुर्चीची मागणी विमान कंपनीकडे किमान ४८ तास आधी नोंदवावी. खुर्ची मागण्यात कमीपणा नाही. चालता येत असले तरी ते अंतर सामान्य नसते. नोंद करताना आपली स्थिती नेमकी सांगावी : जिना चढता येतो पण दूर चालवत नाही, की जिनाही चढवत नाही, की आसनापर्यंतही उचलून न्यावे लागते. या तिन्हींसाठी व्यवस्था वेगवेगळी असते. विमान सुटण्याच्या तीन तास आधी आत शिरावे, कारण खुर्ची आणि मदतनीस मिळायलाही वेळ लागतो.

तपासणीपूर्वी बोला

भारतात मुंबईसारख्या मोठ्या विमानतळांवर ही तपासणी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान करतात. पिशवी क्ष-किरण यंत्रातून जाते; आपण धातुशोधक चौकटीतून जातो. त्यानंतर एका बुटक्या चौथऱ्यावर उभे करून, हात पसरायला सांगून, हातातल्या यंत्राने तपासतात. स्त्रियांची तपासणी पडद्याआड स्त्री जवानच करते.

माझ्या आईच्या पहिल्या परदेश प्रवासात एका विमानतळावर तिची काठी क्ष-किरण यंत्राच्या पट्ट्यावर ठेवायला सांगितली. तिने निमूटपणे ठेवली. पुढची चार पावले ती कशाचाही आधार नसताना, भिंत नाही की हात नाही, अशी चालली. चौथरा चढताना तिचा तोल गेला. मागच्या अनोळखी मुलीने तिला सावरले. तिथल्या कोणाला तिच्या गुडघ्यांची कल्पना नव्हती, कारण तिने काही सांगितलेच नव्हते. ‘एवढी माणसे खोळंबली होती गं, कसं बोलणार?’ असे ती नंतर म्हणाली. आपल्या पिढीला हा संकोच फार असतो. त्याची किंमत कंबरेच्या हाडाने मोजावी लागू नये.

म्हणून यंत्र वाजण्याची वाट न पाहता आधी सांगावे. काठी द्यावी लागणार असेल, तर ‘मला हाताचा आधार द्या किंवा बसायला खुर्ची द्या’ असे म्हणावे. गुडघ्याचा किंवा खुब्याचा कृत्रिम सांधा असेल, तर चौकट वाजू शकते. आधीच बोट दाखवून सांगितले की गोंधळ उरत नाही. खांदा आखडला असल्यास ‘हात वर होत नाही’ असे सांगावे. चौथरा चढवत नसेल, तर खाली उभे राहून किंवा खुर्चीत बसून तपासणी करण्याची विनंती करावी. बूट काढायला सांगितले तर एका पायावर उभे राहून काढू नयेत, आसन मागावे.

पेसमेकर असणाऱ्यांनी त्याचे कार्ड जवळ ठेवावे. नेहमीच्या चालीने चौकटीतून जाण्यास बहुधा धोका नसतो. मात्र तिथे रेंगाळू नये, टेकू नये. हातातले यंत्र छातीवर धरून ठेवू नये, हाताने तपासणी करावी, अशी विनंती करावी. इन्सुलिनचा पंप किंवा साखर मोजणारा संवेदक शरीरावर असेल, तर उत्पादकाच्या सूचना आधी वाचाव्यात. लघवीची पिशवी, पोटावरची पिशवी किंवा प्रौढांचे डायपर यांविषयी चारचौघांत बोलण्याची गरज नाही. ‘मला आडोशाला तपासा’ एवढे सांगणे पुरेसे असते. तो आपला हक्क आहे, उपकार नव्हे. परदेशात विमान बदलताना पुन्हा तपासणी होते; तिथे भाषेची अडचण नको म्हणून या गोष्टी इंग्रजीत लिहिलेले कार्ड गळ्यातल्या पाकिटात ठेवावे.

तपासणी झाल्यावर घाई करू नये. ट्रेमध्ये चष्मा, मोबाइल, पट्टा आणि पासपोर्ट विसरण्याचे प्रकार नित्य घडतात. निघताना वस्तू मोजाव्यात आणि पुढे गेल्यावर तेवढ्याच पुन्हा मोजाव्यात. मग बसून दोन घोट पाणी प्यावे आणि घोटे गोलाकार फिरवावेत. चार तासांहून लांबच्या प्रवासात पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, म्हणून ही हालचाल विमानातही चालू ठेवावी.

सोबत्यांसाठी थोडेसे

आई-वडिलांना पोहोचवायला आलेल्या मुलांनी हॉटेलातील संध्याकाळ मोबाइलवर घालवू नये. एकदा सारा क्रम त्यांच्याकडून वदवून घ्यावा : दारात काय दाखवायचे, ट्रेमध्ये काय ठेवायचे, कोणाला काय सांगायचे. खोलीतच हात पसरून उभे राहण्याचा सराव करावा. सुरुवातीला हसू येईल. तेवढीच भीतीही कमी होईल. ‘तुला काही जमणार नाही’ हे वाक्य त्या रात्री कोणीही उच्चारू नये. दारापाशी निरोप घेताना आपली माणसे एकटीच आत जाणार आहेत. ती झोप झालेली, जेवलेली, औषध घेतलेली आणि काय बोलायचे ते ठाऊक असलेली असतील, तर काचेपलीकडून त्यांचा हलणारा हात आपल्यालाही निश्चिंत मनाने पाहता येईल.