सगळ्यात वरचं नाव खरंच असतं का?

आपल्या मुलींच्या हातात मोबाइल आला, पण त्यात माहिती शोधायची कशी हे कोणी शिकवत नाही. म्हणून गटाच्या बैठकीनंतर आम्ही आठवी ते बारावीच्या मुलींना घेऊन बसायला लागलो.

पहिल्या दिवशी म्हटलं, बहिणाबाईंची माहिती काढा. एकीनं वहीत उतरवलं, तुकोबांच्या शिष्या, सतराव्या शतकातल्या. दुसरीनं लिहिलं, जन्म 1880, गाव आसोदा. दोघी भांडायला लागल्या! खोटी कोणीच नव्हती. संत बहिणाबाई वेगळ्या, आपल्या जळगावच्या बहिणाबाई चौधरी वेगळ्या. 'बहिणाबाई चौधरी आसोदा' असं लिहिल्यावर आपल्या बहिणाबाई समोर आल्या. नाव, गाव, साल, जे माहीत असेल ते सोबत टाकायचं. शिष्यवृत्तीची शेवटची तारीख शोधताना तर साल हवंच, नाहीतर गेल्या वर्षीची बातमी वाचून मुली निवांत बसतात.

शिष्यवृत्तीवरून आठवलं. आमच्या गटातल्या एका ताईंनी मुलीच्या अर्जासाठी मोबाइलवर शोधलं, सगळ्यात वर आलं त्यावर बोट ठेवलं आणि 'अर्ज फी' म्हणून 500 रुपये भरले. कापूस वेचून कमावलेले पैसे. अर्ज कुठंच गेला नव्हता. बैठकीत त्यांनी मोबाइल दाखवला, तेव्हा वर्गातल्याच एका मुलीनं पत्ता मोठ्यानं वाचला, "काकू, शेवटी डॉट कॉम आहे!"

वर दिसतं ते खरंच असतं असं नाही. पैसे देऊन वर आणलेल्या जाहिरातीवर बारीक अक्षरात 'प्रायोजित' लिहिलेलं असतं. पत्ता पडद्याच्या वरच्या पट्टीत असतो. पहिल्या तिरप्या रेघेपर्यंत वाचा आणि त्याचं शेपूट बघा. महाडीबीटीचा पत्ता आहे महाडीबीटी डॉट महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन. नकली पत्त्यात जीओव्ही मध्येच घुसवतात, शेपूट मात्र वेगळंच असतं. आणि तिथं शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला सरकार फी घेत नाही. सेवा केंद्रवाला त्याच्या कामाचे पैसे घेतो, ते वेगळे.

पैसे गेलेच तर लाजू नका, लगेच 1930 ला फोन लावा. ताई आठ दिवस घरात कोणाला बोलल्या नाहीत, तिथंच उशीर झाला. मुलीचा अर्ज आम्ही सगळ्यांनी बसून मुदतीच्या आदल्या दिवशी भरला.

पुढच्या बैठकीला मुलींना घेऊन या. मोबाइल चार्ज करून आणा, आपल्याकडे लाइटचा भरवसा नाही.