पडद्यापलीकडचा मराठी वर्ग

इंदूरहून मी दर रविवारी मराठीचा ऑनलाइन वर्ग घेते. मुले बारा, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे आणि हैदराबादची. घरी मराठी, शाळेत मात्र हिंदी, गुजराती, तेलुगू नाहीतर इंग्रजी.

पहिल्या महिन्यात मी शाळेत शिकवायची तशीच शिकवत राहिले. ग्वाल्हेरचा एक मुलगा ‘शाळा’ला ‘शाला’ म्हणाला. मी सर्वांसमोर तीनदा त्याच्याकडून शब्द घोटून घेतला. त्याने कॅमेरा बंद केला. पुढचे तीन रविवार त्याच्या नावाची काळी चौकट तेवढी दिसत होती. शाळेत असते तर मधल्या सुट्टीत त्याच्या बाकाशी जाऊन बसले असते. इथे ना बाक, ना मधली सुट्टी.

जिली सॅमन यांनी ‘ई-मॉडरेटिंग’ (२०००) या पुस्तकात ऑनलाइन शिक्षणाच्या पाच पायऱ्या मांडल्या आहेत. प्रवेश व प्रेरणा ही पहिली, आपसांतली ओळख ही दुसरी. माहितीची देवाणघेवाण तिसरी. त्यापुढे ज्ञानाची उभारणी आणि विकास. मी थेट तिसरीवर उडी मारली होती.

मग मी मुलांच्या जोड्या लावल्या. कोणाकडे काय आहे हे ओळखून जोडी लावणे, हेच अशा वर्गात शिक्षकाचे मुख्य काम, असे मला आता वाटते. हिंदीच्या बोलण्यात ‘ळ’ नाही, नपुंसकलिंगही नाही. म्हणून आमची मुले ‘तो झाड’ म्हणतात. गुजरातीत दोन्ही आहेत, आणि ‘झाड’ तिथेही नपुंसकलिंगीच. तेलुगूतही ‘ळ’ आहे; शिवाय तिथे चटईला ‘चाप’ म्हणतात, त्यातला ‘च’ आपल्या ‘चाका’तला. (हे मला हैदराबादच्या मुलांनीच शिकवले.) उलट हिंदी शाळेतली मुले देवनागरी झरझर वाचतात. गुजराती लिपीला शिरोरेखा नसते. बडोद्याची मुलगी देवनागरी वाचताना अडखळायची, जोडाक्षर आले की थांबायचीच.

तिला मी त्या ग्वाल्हेरच्या मुलाच्या जोडीला दिले. तो तिला वाचून दाखवतो, ती त्याचा ‘ळ’ ऐकते. जीभ मागे वळवायची, हे तिने त्याला माझ्यापेक्षा सोपे करून सांगितले.

कॅमेरा त्याचा अजून बंदच असतो. परवा त्याचा ‘बाळ’ नीट आला, ‘फळा’ चुकला. माझा माइक बंद होता, तो मी तसाच ठेवला. तिने त्याला थांबवले, आणि दोघे पुन्हा ‘फळा’पासून वाचू लागले.