स्वयंपाकघरातला फळा

रमजानचा महिना म्हणजे रोजा, नमाज, कुराणपठण आणि दानधर्म. त्याचबरोबर हा वेळापत्रकाचाही महिना आहे. पहाट फुटण्याआधी सहरी संपायला हवी, सूर्य मावळताच इफ्तार व्हायला हवा. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये पहाट रोज थोडी अलीकडे सरकते आणि सूर्यास्त थोडा पुढे जातो. महिन्याच्या सुरुवातीची आणि शेवटची सहरी यांत वीस-पंचवीस मिनिटांचा फरक पडतो.

महाड औद्योगिक वसाहतीच्या आसपास, बिरवाडी-नांगलवाडीकडच्या किंवा पोलादपूरहून कामाला येणाऱ्यांच्या घरात या वेळापत्रकावर आणखी एक वेळापत्रक चढते. ते कंपनीच्या शिफ्टचे. मोठा मुलगा फर्स्टला, धाकटा सेकंडला, शेजारच्या खोलीतला भाचा नाइटला. सेकंडवाल्याचा इफ्तार कंपनीतच होतो, म्हणून त्याच्या डब्यात खजूर आणि भजी दुपारीच गेली पाहिजेत. नाइटवाल्याची सहरीही घरी होत नाही. आठवड्याने शिफ्ट बदलली की सगळे गणित पुन्हा नव्याने मांडायचे.

हे गणित कुठे लिहिलेले असते? बहुतेक घरांत कुठेच नाही. ते घरातल्या बाईच्या डोक्यात असते. पहाटे साडेतीनला उठणारी, स्वतः रोजा धरणारी तीच. सासूबाईंची साखरेची गोळी, गॅस सिलिंडर कधी लावला, शेजारी इफ्तारीचे ताट कोणत्या दिवशी पाठवायचे, हेही तिनेच लक्षात ठेवायचे. घरातले बाकीचे सगळे तिलाच विचारतात. हा भार हलका करायला एक साधा काळा फळा पुरतो आणि तो घरच्या घरी करता येतो.

सुताराकडे किंवा फर्निचरच्या दुकानात सहा मिलीमीटर प्लायवूडचे उरलेले तुकडे मिळतात. दीड फूट बाय दोन फूट एवढा तुकडा पुष्कळ झाला. जुन्या कपाटाचे सपाट दारही चालते. आधी १२० नंबरच्या आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने तो घासावा, कडा विसरू नयेत. ओल्या फडक्याने भुकटी पुसून वाळवावा. मग वूड प्रायमरचा एक हात द्यावा आणि रात्रभर सुकू द्यावा. त्यावर हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या ब्लॅकबोर्ड पेंटचे दोन पातळ हात द्यावेत, पहिला उभा, दुसरा आडवा. दोन हातांमध्ये किती वेळ ठेवायचा ते डब्यावर लिहिलेले असते. मागची बाजू आणि कडाही रंगवाव्यात, नाहीतर कोकणातल्या पावसात प्लाय फुगतो. हे काम पडवीत, मोकळ्या हवेत करावे. शाबान महिन्यातच उरकले तर उत्तम, कारण रंगाचा वास रोजेदाराला त्रास देतो.

रंग दिल्यावर लगेच लिहू नये. तीन दिवस फळा तसाच ठेवावा. मग खडू आडवा धरून सगळा फळा पांढरा करावा आणि कोरड्या कापडाने पुसून टाकावा. यामुळे रंगातली बारीक छिद्रे खडूने भरतात. हे केले नाही तर पहिले लिहिलेले अक्षर पुसल्यावरही अंधूक दिसत राहते.

इथे वसाहतीच्या शेजाऱ्यांना एक सावधगिरीची सूचना. भंगारात रसायनांची पिंपे आणि लाकडी पॅलेट स्वस्तात मिळतात. पिंपाचा पत्रा कापून फळा करण्याचा मोह होतो. तो टाळावा. पिंपात काय होते ते बाहेरून कळत नाही आणि धुतल्याने ते पूर्ण जातही नाही. पॅलेटवर 'एमबी' असा शिक्का असेल तर त्या लाकडाला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. 'एचटी' म्हणजे फक्त उष्णता दिलेली. पण त्यावरही काय सांडले असेल ते सांगता येत नाही. स्वयंपाकघरात अशी लाकडे नकोतच. माळ्यावरचा जुना रंगही वापरू नये. घरगुती रंगात शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या डब्याची खात्री नाही.

फळा चुलीच्या किंवा उघड्या भांड्यांच्या वर टांगू नये, खडूची भुकटी खाली पडते. दाराजवळची भिंत बरी, म्हणजे घरातून निघणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येतो. पुसताना किंचित ओले फडके वापरावे.

आता लिहायचे काय? वर तारीख, सहरीची शेवटची वेळ आणि इफ्तारची वेळ. खाली प्रत्येकाचे नाव, त्याची शिफ्ट आणि डबा हवा की नको. ज्याची शिफ्ट बदलेल त्यानेच ती लिहायची, हा नियम पहिल्या दिवशीच करावा. नाहीतर फळाही बाईनेच भरायचा आणि काम वाढायचे. कोणाचा रोजा आहे, कोणाचा नाही, हे मात्र लिहू नये. आजारी आणि प्रवासी यांना कुराणाने सवलत दिली आहे, पाळीच्या दिवसांत बायकांचा रोजा नसतो. ते चारचौघांत मांडायचे कारण नाही. 'सहरीला ताटे पाच' एवढे पुरते.

औषधांची रांग वेगळी आखावी. मधुमेह असलेल्यांनी गोळ्या किंवा इन्सुलिनच्या वेळा रमजानपूर्वीच डॉक्टरांकडून बदलून घ्याव्यात आणि त्या फळ्यावर उतरवाव्यात. बोटातून रक्त घेऊन साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमा सांगतात. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावा, असा डॉक्टरांचा सल्ला असतो. हे दोन आकडे ठळक लिहून ठेवले तर घरातले शाळकरी मूलही वेळेवर आजीला सांगू शकते.

फळ्याचा एक कोपरा खडूसाठी ठेवू नये. तिथे पांढऱ्या ऑइल पेंटने ११२ आणि १०८ हे क्रमांक, कंपनीच्या गेटचा फोन आणि उंचावर राहणाऱ्या दोन नातेवाइकांचे नंबर लिहावेत. जुलै २०२१ च्या पुरात महाडमध्ये वीज गेली आणि मोबाइलही बंद पडले. नंबर फोनमध्येच असतील तर अशा वेळी शेजाऱ्याचा फोन हाती येऊनही उपयोग होत नाही.

शेवटच्या दहा दिवसांत खालच्या ओळीत फितऱ्याचा हिशेब मांडावा, घरात माणसे किती आणि कोणाला द्यायचा. देणगी घेणाऱ्याचे नाव मात्र फळ्यावर नको, खूण पुरे. ईदच्या नमाजाआधी ती ओळ पुसली गेली पाहिजे. ईदनंतर फळा काढून ठेवायची गरज नाही. शिफ्ट, डबे, गोळ्या आणि सिलिंडर बाराही महिने असतात.