पंचाचा पत्ता

डेव्हिड गॉफ हे आयर्लंडमधील मीथ काउंटीतले, स्लेन क्लबचे पंच. गेलिक फुटबॉलमध्ये अखिल आयर्लंड अंतिम सामन्यापेक्षा मोठे काही नाही. सॅम मॅग्वायर करंडकाची ही लढत गॉफ यांच्याकडे दोनदा आली, २०१९ आणि २०२३ मध्ये. पेशाने ते प्राथमिक शिक्षक. हा खेळ आजही हौशी आहे. खेळाडूंना पगार नाही आणि पंचालाही प्रवासखर्चापलीकडे काही सुटत नाही. आठवडाभर वर्ग सांभाळायचा आणि रविवारी डब्लिनच्या क्रोक पार्कवर ब्याऐंशी हजार लोकांसमोर उभे राहायचे, असा हा उद्योग.

तिथवर पोहोचण्याची वाट सगळ्यांची सारखीच आणि बरीचशी कंटाळवाणी असते. आधी मुलांचे सामने, मग क्लबचे, मग काउंटी संघांची लीग. आपल्या काउंटीचा सामना पंचाला मिळत नाही. गोलखांबांशेजारी पांढरे कोट घालून उभे राहणारे चार साहाय्यक तो स्वतःच घेऊन येतो. ते बहुधा त्याच्या घरचे किंवा क्लबातले असतात. चेंडू आडव्या दांड्यावरून गेला तर पांढरे निशाण, एक पॉइंट; दांड्याखालून जाळ्यात गेला तर हिरवे निशाण, गोल, म्हणजे तीन पॉइंट. पन्नाशी गाठली की काउंटी पातळीवरची शिट्टी खाली ठेवावी लागते.

पंचावर राग काढण्याची परंपरा जुनीच. १९९६ च्या अंतिम फेरीत मीथ आणि मेयो यांच्यातील पहिली लढत बरोबरीत सुटली. फेरसामन्यात सुरुवातीलाच मोठी हाणामारी झाली. पंच पॅट मॅकएनानी यांनी दोन्ही संघांतील एकेकाला बाहेर काढले. त्यात मेयोचा लियम मॅकहेल गेला, मेयो एका पॉइंटने हरले आणि ती सल तिथे अजून आहे. २०१० च्या लाउथविरुद्धच्या लेन्स्टर प्रांताच्या अंतिम सामन्यात मीथला शेवटच्या क्षणी एक बेकायदा गोल बहाल झाला. लाउथचे प्रेक्षक मैदानात घुसून पंचाच्या अंगावर गेले, हे लाजिरवाणेच होते. पण दोन्ही वेळी भांडण निर्णयाचे होते. पंच कुठे भाडे भरतो, याची चौकशी कोणी केली नाही.

ती चौकशी पुढच्या दशकात सुरू झाली आणि गॉफ यांची कारकीर्द नेमकी त्या दशकात घडली. २०१५ च्या वसंतात समलिंगी विवाहावरील सार्वमत तोंडावर होते. स्वतः समलिंगी असल्याचे गॉफ यांनी उघडपणे सांगितले होते. क्रोक पार्कवरील डब्लिन-टिरोन लीग सामन्यात सप्तरंगी मनगटपट्टी बांधण्याची त्यांची इच्छा होती. हा खेळ चालवणाऱ्या गेलिक अॅथलेटिक असोसिएशनने नकार दिला. मे महिन्यात देशाने मोठ्या बहुमताने होकार दिला. चार वर्षांनी हीच संघटना डब्लिनच्या प्राइड मिरवणुकीत अधिकृतपणे चालली. पट्टीला हरकत घेताना दाखवलेले तत्त्व तोवर कुठे विरले, हे कळायला मार्ग नाही.

सार्वमताच्या पुढच्या वर्षी खेळातली ठिणगी पडली. २०१६ च्या उपांत्य सामन्यात डब्लिनने केरीला ०-२२ विरुद्ध २-१४ असे हरवले, म्हणजे बावीस पॉइंट विरुद्ध वीस. अखेरच्या क्षणांत डब्लिनच्या केव्हिन मॅकमॅनामनने केरीच्या पीटर क्रोलीला धडक दिली आणि शिट्टी वाजली नाही. तो फाउल द्यायला हवा होता, हे गॉफ यांनी पुढे मान्य केले. केरीने ही कबुली प्रामाणिकपणाच्या खात्यात न टाकता पुरावा म्हणून जपून ठेवली.

२०१९ मध्ये डब्लिन सलग पाचव्या विजेतेपदासाठी उतरणार होते. तोवर कोणत्याही काउंटीला ते साधलेले नव्हते. समोर केरी, आणि पंच गॉफ. केरीचे माजी प्रशिक्षक इमन फिट्झमॉरिस यांनी जाहीर शंका काढली: गॉफ मीथचे असले तरी राहतात आणि नोकरी करतात डब्लिनमध्ये. नियमात काउंटीची अट होती, घराची नव्हती. शंका काढणाऱ्यांनाही ते ठाऊक होते. पण सामन्याआधीच पंचाच्या कानाशी भुणभुण लावून ठेवली की एखादा निर्णय आपल्या बाजूने झुकतो, हा हिशेब जुना आहे.

१ सप्टेंबरला मध्यंतराआधी डब्लिनचा बचावपटू जॉनी कूपर डेव्हिड क्लिफर्डला अडवताना दुसरे पिवळे कार्ड घेऊन बाहेर गेला. उरलेला सामना डब्लिनने चौदा जणांनी खेळला. केरीला पेनल्टीही मिळाली होती. ती गोलरक्षक स्टीफन क्लक्स्टनने अडवली, तो पंचाचा दोष नव्हे. शेवटी १-१६ अशी बरोबरी झाली. ‘डब्लिनकर’ ठरवलेल्या पंचाने डब्लिनचाच खेळाडू काढल्यावर तक्रारीची दिशा फिरली. आता कुरकुर राजधानीतून ऐकू येऊ लागली. फेरसामना कॉर्कच्या कॉनर लेन यांनी चालवला आणि डब्लिनने पाचवे विजेतेपद घेतले. २०२३ मध्ये पुन्हा डब्लिन, केरी आणि गॉफ एकत्र आले. डब्लिन १-१५ विरुद्ध १-१३ असे जिंकले. त्याबद्दल लिहिण्यासारखे कमी आहे, आणि पंचाच्या दृष्टीने यापेक्षा मोठी शाबासकी नाही.

त्यानंतर बदलला तो खेळच. २०१९ ला डब्लिनचे व्यवस्थापक असलेले जिम गॅव्हिन नियम-समितीचे अध्यक्ष झाले आणि २०२५ च्या हंगामात नवे नियम लागू झाले. चाळीस मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्या फटक्याला दोन पॉइंट, त्यासाठी नारिंगी निशाण. प्रत्येक संघाचे किमान तीन खेळाडू कायम प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्यात हवेत, ही मोजदादही पंच आणि त्याच्या साथीदारांकडेच. पंचाशी बोलण्याचा हक्क फक्त कर्णधाराला. हुज्जत घातली तर चेंडू पन्नास मीटर पुढे. शेवटच्या दोन तरतुदी गॉफ यांच्या पिढीला वीस वर्षे आधी मिळायला हव्या होत्या. जो आदर समजावून मिळाला नाही, तो आता मीटरांत वसूल होतो.

घड्याळ मात्र पंचाच्या हातून गेले. काउंटी सामन्यांत वेळ सर्वांना दिसणाऱ्या घड्याळावर चालते आणि ती संपल्याचे भोंगा सांगतो. जादा वेळ किती द्यायचा, हा पंचाचा सर्वांत जास्त शिव्या खाणारा अधिकार होता. ज्यांनी त्या शिव्या दिल्या, तेच मग भोंग्यापर्यंत चेंडू आपल्याकडे दाबून ठेवणाऱ्या संघांबद्दल तक्रार करू लागले. अट मात्र काउंटीचीच राहिली आणि मानधन अजूनही नाही.